रुमालात बांधलेला संबंध
घरच्या पोथ्या, जुने कागद आणि पंथाची शोधपरंपरा

सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभूंनी निरूपिलेल्या ज्ञानमार्गात स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ही चार साधने मानिली आहेत. त्यांपैकी स्थान आणि प्रसाद यांचे महत्त्व नेमके कशात आहे, हा प्रश्न पाठ घेताना बहुधा प्रथमच निघतो. ओट्याचा पाषाण इतर पाषाणांहून घडणीने वेगळा नसतो. प्रसादवस्त्राचा धागाही इतर धाग्यांसारखाच सुताचा असतो. तेथे महत्त्व आहे ते संबंधाला. पण संबंध डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. तो सांगितल्याने कळतो. हा विशेष अमुक स्थानाचा, तो अमुक महंतांपासून अमुक वासनिकांच्या देवपूजेत आला, ही सांगी जोवर अखंड आहे तोवर वस्तूचे ज्ञान अखंड आहे. सांगी तुटली की पाषाण हाती उरतो आणि तो कोठला हे कोणालाच सांगता येत नाही. पूर्वजांनी स्थानांइतकीच स्थानांच्या नोंदींची चिंता वाहिली, त्याचे कारण हेच आहे.

घराघरांतून आणि मठामठांतून पडलेल्या जुन्या पोथ्या आणि जुने कागद यांचा विचार याच अंगाने करावयाचा आहे. एक भेद मात्र आरंभीच स्पष्ट केला पाहिजे. जुना कागद म्हणजे प्रसाद नव्हे. त्याला वंदन करण्याचे किंवा त्याची पूजा बांधण्याचे कारण नाही. शास्त्राची पोथी वंद्य आहे ती शास्त्रामुळे. तिच्याबरोबर बांधलेली इनामाची सनद, देण्याघेण्याची याद अथवा एखाद्या महंतांचे पत्र यांना ते स्थान देता येत नाही. साम्य आहे ते एवढ्यापुरतेच, की कागदाचाही अर्थ त्याच्या संबंधावर उभा असतो. तो कोणाच्या घरचा, कोणत्या पोथीच्या रुमालातून निघाला, त्याच्या शेजारी कोणता कागद होता, हे ठाऊक असेल तर चार ओळींचा चिठोराही बोलतो. हे ठाऊक नसेल तर मोठी सनददेखील मुकी होते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो वरवरचा नाही. ज्या मार्गाने स्वदेशाचा संबंध, स्वग्रामाचा संबंध आणि विशेषेकरून आप्तांचा संबंध त्यजावयास सांगितले, त्या मार्गाच्या अनुयायांनी वंशावळी आणि घरचे कागद सांभाळण्याच्या खटाटोपात का पडावे? भिक्षुकाने संग्रह करू नये. मग दप्तरांचा तरी संग्रह का करावा? या आक्षेपाला उत्तर पंथाच्या आद्य ग्रंथातच मिळते. लीळाचरित्र उघडून पाहावे. ज्यांनी गाव सोडले त्यांची गावे तेथे नावानिशी नोंदलेली आहेत. ज्यांनी आप्तसंबंध सोडले त्यांचे आप्तसंबंधही तेथे सांगितले आहेत. म्हाइंभट सराळ्याचे, महदाइसा आणि उमाइसा यांचे आचार्य श्रीनागदेवांशी नाते काय, अमुक लीळा घडली तेव्हा कोण संनिध होते, हे सर्व ग्रंथकाराने टाकून दिलेले नाही. त्याग आसक्तीचा सांगितला आहे, विस्मरणाचा नव्हे. शिवाय वासनिक हे चौथे साधन गृहस्थाश्रमातच राहते. त्याच्या घरात कागद असणार, आणि त्या घरातच भिक्षुकांच्या पिढ्यांच्या पाऊलखुणाही असणार. भिक्षुकाने आपल्यासाठी काही ठेवू नये हे खरे. पण वासनिकाच्या घरचे त्याला नीट ठेवावयास सांगणे हा काही संग्रह होत नाही.

स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर पंडित म्हाइंभटांनी लीळा गोळा करावयास आरंभ केला, तो प्रसंग सर्वांना विदित आहे. पण त्यांची रीत कोणती होती, इकडे पुरेसे लक्ष जात नाही. त्यांनी स्वतःच्या पांडित्याच्या बळावर चरित्र रचले नाही. आचार्यांपासून आरंभ करून, ज्यांच्या ज्यांच्या संनिधानात जी जी लीळा घडली त्यांच्याकडे जाऊन ती त्यांच्याच मुखातून घेतली. कोणी विद्वान होते, कोणी साधे. कोणी पुरुष, कोणी बाया. सांगणाऱ्याची योग्यता त्याच्या विद्वत्तेवरून नव्हे, तर तो तेथे होता की नव्हता यावरून ठरली. आजच्या इतिहास संशोधकाने मोठ्या अभिमानाने सांगावी अशी ही साक्षीची कसोटी तेराव्या शतकात, मराठी भाषेत, ऋद्धिपूरला प्रत्यक्ष वापरली गेली.

पुढे देवगिरीवर खिलजींच्या स्वाऱ्या झाल्या. इ. स. १३१८ मध्ये यादवांचे राज्य संपले. या धामधुमीत, जिला पंथात खालशाची धाड म्हणतात, मूळ पोथी गेली आणि ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला, असे परंपरा सांगते. हिराइसांचे स्मरण त्यात विशेष उपयोगी पडले. परशरामबास आणि रामेश्वरबास यांचीही नावे या संदर्भात आदराने घेतली जातात. आता असे पुनरुज्जीवन करताना पाठांत अंतर पडणार हे उघड आहे. एकाला एक शब्द स्मरला, दुसऱ्याला दुसरा. एकाच्या स्मरणात लीळा एका गावी घडली, दुसऱ्याच्या स्मरणात शेजारच्या गावी. कोणत्याही पंथाच्या इतिहासात अशा वेळी एक मोह उत्पन्न होतो. बरा वाटेल तो पाठ ठेवावा, इतर पुसून टाकावे आणि ग्रंथ एकमुखी करावा, असा तो मोह. आपल्या पूर्वजांनी तसे केले नाही. भिन्न पाठांना त्यांनी वासना म्हटले आणि ज्याची वासना त्याच्या नावाने ती नोंदविली. जेथे निराळी माहिती मिळाली तेथे ‘शोधु’ म्हणून ती लीळेच्या अंगाशीच लिहून ठेविली. नकलकारांनी पिढ्यान् पिढ्या हे शोध तसेच उतरून घेतले. म्हणून आजही अभ्यासकाला कोणाचे स्मरण कोठे थांबते आणि कोणाचे कोठे सुरू होते हे पाहता येते. हिराइसांचे नाव त्यांच्या पाठाला जडून राहिले, हेही लक्षात घ्यावे. जुन्या घरांतील वंशावळीत स्त्रियांना बहुधा ‘कन्या’ आणि ‘भार्या’ एवढेच नाव असते. येथे एका स्त्रीचे स्मरण प्रमाण म्हणून उभे आहे.

स्थानपोथीची रीतही हीच आहे. मंदिराचे तोंड कोणत्या दिशेला, त्याच्या कोणत्या अंगाला दुसरे देऊळ, स्वामींचे आसन कोठे, अवस्थान किती, अशा बारीक नोंदी तेथे गावोगावच्या आल्या आहेत. लिहिणाऱ्यांचा हेतू भक्ताला स्थानाचे नमस्कार घडावेत एवढाच होता. परंतु पुढे कित्येक देवळे पडली, गावांच्या वेशी हलल्या, वस्त्या उठल्या. तरी ते लेखन राहिल्यामुळे चौदाव्या शतकातील महाराष्ट्राच्या गावांची रचना जाणू इच्छिणाऱ्याला स्थानपोथीशिवाय गत्यंतर नाही. अन्वयस्थळासारख्या ग्रंथांतून गुरुशिष्यांची मालिका येते, तिचेही असेच. आम्नायांच्या शाखा कशा फुटल्या, कोण कोणाचे शिष्य, हे त्यांवरून कळते. स्थळाचा इतिहास आणि कुळाचा इतिहास यांच्या जागी पंथाने स्थानाचा आणि अन्वयाचा इतिहास लिहिला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

असो. आता रुमालाकडे वळू.

एखाद्या जुन्या उपदेशी घराण्यात, माळ्यावरच्या पेटीत, तांबड्या कापडात बांधलेली पोथी असते. सणावारी ती खाली येते, तिला वंदन होते, पुन्हा वर जाते. ती सोडून वाचणारा कदाचित आजोबांच्या पिढीत संपलेला असतो. दोन फळ्यांमध्ये पोथीची पाने असतात, आणि पानांच्या वर-खाली, कधी मध्येच, सुटे कागद असतात. एखादे मोडीतील पत्र, जत्रेच्या खर्चाची याद, शेताच्या बांधाविषयीचा महजर, कोण्या महंतांनी दिलेल्या उपदेशाची तिथी, मठाला दिलेल्या भांड्यांची यादी, नातवंडांच्या जन्मवेळा. घर विभागले जाते तेव्हा पोथी एका भावाकडे जाते आणि सुटे कागद कोणाकडेच जात नाहीत. कधी पोथी मठात अर्पण होते. तेव्हाही ‘शास्त्र तेवढे घ्या’ म्हणून कागद बाजूला काढले जातात. कधी जीर्ण झाली म्हणून सगळीच नदीला अर्पण करतात. कधी जुन्या वस्तूंचा व्यापारी येतो. त्याला सुंदर अक्षराची चार पाने हवी असतात आणि तो तेवढीच घेऊन जातो. या चारही मार्गांत हेतू वाईट नसतो. शेवटच्या मार्गात फारतर अज्ञान असते. परंतु चारींचा परिणाम एक होतो. पोथी कोणी लिहविली, कोणत्या मठाशी त्या घराचे नाते होते, त्या गावात पंथ केव्हा आला, हे सांगणारे सुटे कागदच होते, आणि तेच गेले.

एका घरचा कागदपत्रांचा संग्रह एकत्र राहिला म्हणजे काय साधते, याची उदाहरणे महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धन घराण्याचे दप्तर हाती घेतले आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करावयास आरंभ केला. रणांगणावरून घरी आलेली पत्रे एकाच घरात जपली गेली होती, म्हणून उत्तर पेशवाईतील घडामोडींचा धागा दिवसागणिक लावता आला. वाईजवळच्या मेणवलीचे नाना फडणिसांचे दप्तर द. ब. पारसनिसांनी मिळविले, ते आज पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहे. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्यामागे वि. का. राजवाड्यांची गावोगाव हिंडून घरोघरचे रुमाल सोडविण्याची तपश्चर्या होती. त्यांनी ज्या घरी कागद पाहिले तेथे कित्येकदा उशीर झालेला होता, याची खंत त्यांच्या लेखनात वारंवार येते.

याच राजवाड्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सकळ लिपीची किल्ली पंथाबाहेरच्या जगापुढे ठेविली, ही गोष्ट पंथात पुष्कळांना त्या काळी रुचली नाही. सकळ लिपी चौदाव्या शतकात रवळोबासांनी सिद्ध केली असे परंपरा मानते. तिच्याबरोबर सुंदरी, अंक, शून्य, वज्र अशा आणखीही लिपी प्रचारात आल्या. मूळ युक्ती अक्षरांची अदलाबदल करण्याची. अनधिकाऱ्याच्या हाती शास्त्र पडू नये, ही तीमागील दृष्टी होती. या आवरणाने ग्रंथ राखले, हे निःसंशय. त्याच आवरणाने पंथाविषयी बाहेर भलभलते समज पसरू दिले, हेही तितकेच खरे. कारण ज्याला वाचता येत नाही तो कल्पना करतो. किल्ली बाहेर आल्यावर यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांनी १९२५ मध्ये ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ लिहून ग्रंथसंपदेचा विस्तार दाखविला. ह. ना. नेने यांनी लीळाचरित्राचे भाग प्रसिद्ध केले. १९७८ मध्ये वि. भि. कोलत्यांनी संपादिलेली प्रत महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढली. या सर्व आवृत्त्यांविषयी पंथात मतभेद झाले आणि त्यांतील काही आक्षेप गंभीर आहेत. परंतु या संपादकांना ज्या पोथ्या मिळाल्या त्या कोणी ना कोणी महंतांनी किंवा वासनिकांनी विश्वासाने दाखविल्या म्हणून मिळाल्या, हे विसरता येत नाही.

आजही पोथी बाहेर दाखवावी की नाही, हा प्रश्न प्रत्येक घराचा आणि मठाचा स्वतःचा आहे. त्यात बाहेरच्या कोणी बळ करणे अनुचित. मात्र पोथी न दाखविणे आणि पोथीची याद न करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ग्रंथाचे नाव, पानांची संख्या, लेखनाचा शक, लेखकाचे नाव आणि घर, एवढे टिपल्याने शास्त्राचे एक अक्षरही अनधिकाऱ्याकडे जात नाही. उलट अशी याद नसल्यामुळे पोथी हरवली तरी ती होती हे सिद्ध करता येत नाही.

याद करताना सर्वांत अधिक मोल असते पुष्पिकेला, म्हणजे पोथीच्या शेवटी नकलकाराने लिहिलेल्या ओळींना. शके, संवत्सर, मास, पक्ष, तिथी, वार, गाव, लिहिणाऱ्याचे नाव, त्याच्या गुरूचे नाव, कोणाच्या अध्ययनासाठी लिहिली, हे सर्व किंवा यांतील काही तेथे असते. शकात ७८ मिळविले असता इसवी सन येतो. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनाअखेरपर्यंतच्या तिथीस ७९ मिळवावे लागतात. कित्येकदा शकाचे आकडे पुसट झालेले असतात, पण संवत्सराचे नाव वाचता येते. तेव्हा पडताळा असा घ्यावा. शकात १२ मिळवून ६० ने भागावे आणि बाकी प्रभवापासून मोजावी. बाकी शून्य राहिल्यास साठावा क्षय संवत्सर समजावा. शके १५९६, म्हणजे शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाचे वर्ष, घेतले तर १६०८ होतात, ६० ने भागता ४८ उरतात, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. त्या वर्षाचे नाव आनंदच होते. शक आणि संवत्सर जुळले नाहीत तर एक अंक चुकीचा वाचला गेला आहे, किंवा नकलकारानेच चूक केली आहे. जयकृष्णी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पंजाबातील शाखेच्या पोथ्यांवर विक्रम संवत असण्याचा संभव असतो. उत्तरेकडील संवत्सरगणना निराळी असल्याने तेथे ही रीत लावू नये.

आणखी एक सावधगिरी. नकलकार कधी मूळ पोथीची पुष्पिका जशीच्या तशी उतरतो. त्यामुळे दोनशे वर्षांपूर्वीच्या कागदावर चारशे वर्षांपूर्वीचा शक आढळतो आणि घरचे लोक पोथी तेवढीच जुनी समजतात. कागद, शाई, अक्षराचे वळण आणि पुष्पिका यांचा मेळ जाणत्याकडून पाहून घेतल्याशिवाय पोथीचे वय सांगू नये. जुनेपणाचा अभिमान समजण्यासारखा आहे. परंतु नुसत्या अभिमानाने सांगितलेल्या शकाला म्हाइंभटांच्या कसोटीत जागा नाही.

संरक्षणाविषयी फार सांगण्याचे कारण नाही. कसर आणि वाळवी हे दोन मुख्य शत्रू. पूर्वीच्या लोकांनी वेखंड आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेविला, तो उपाय आजही निरुपद्रवी आहे. मात्र पाला थेट पानांना लागू देऊ नये. ओल, ऊन आणि चुलीचा धूर यांपासून पेटी दूर असावी. पोथीवर हळदकुंकू वाहू नये, तेलाचे बोट लागू देऊ नये. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावणे हा तर पान नष्ट करण्याचाच उपाय होय, कारण तिचा डिंक काही वर्षांनी काळा पडून अक्षरे घेऊन निघतो. प्लास्टिकमध्ये पान कायमचे बंद करणेही तसेच घातक. जेथे शाईने कागद जाळला आहे, म्हणजे अक्षरांच्या जागी भोके पडू लागली आहेत, तेथे पाने वारंवार उलटू नयेत. छायाचित्रे घ्यावयाची तर पहिले चित्र बांधलेल्या रुमालाचे घ्यावे, दुसरे सोडलेल्या रुमालाचे, आणि मग पाने ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने. सुट्या कागदावर तो कोणत्या दोन पानांमध्ये होता हे शिसपेन्सिलीने कोपऱ्यात बारीक लिहावे. पाने क्रमवार लावण्याचा उत्साह पहिल्याच दिवशी करू नये. चुकीच्या जागी असलेले पानही काही सांगत असते.

शासनाच्या बाजूनेही काही सोयी झाल्या आहेत. हस्तलिखितांच्या नोंदणीसाठी २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झाले. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे पंचाहत्तर वर्षांहून जुने, वैज्ञानिक, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचे हस्तलिखित परवान्यावाचून देशाबाहेर नेता येत नाही, हे व्यापाऱ्याशी बोलताना ध्यानात ठेवावे. ज्या ऋद्धिपूरला लीळाचरित्र सिद्ध झाले तेथे २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. तथापि विद्यापीठे आणि मंडळे येतील ती पोथीपर्यंत. माळ्यावरच्या पेटीतील रुमाल कोणाचा, हे सांगणारी आजी त्यांना भेटेलच असे नाही. तिच्याकडून ते आजच लिहून घेणे हे घरच्यांचेच काम आहे.

ते लिहिण्यासाठी एक जाड कागदाचे पान पुरते. घराचे मूळ गाव. पोथी कोणाच्या वेळी आली. कोणत्या महंतांकडून किंवा कोणत्या मठातून. उपदेश कोणत्या आम्नायात. आतील ग्रंथ आणि पानांची संख्या. सुटे कागद किती. आणि ही माहिती कोणी, कोणत्या तिथीला सांगितली. शेवटची नोंद गाळू नये, सांगणाऱ्याचे नाव म्हणजेच त्या पानाची वासना. थोरले काका एक सांगतील आणि आत्याबाई दुसरे सांगतील. काका म्हणतील पोथी पणजोबांनी फलटणहून आणिली. आत्याबाई म्हणतील ती पणजीबरोबर माहेराहून आली. दोन्ही लिहावे, दोघांच्याही नावांनी, आणि मध्ये जुन्या नकलकारांनी लिहिला तोच शब्द लिहावा, ‘शोधु’. एक प्रत रुमालात ठेवावी आणि दुसरी ज्या मठाशी घराचा संबंध आहे तेथे द्यावी.